मोठी हार्ड डिस्क + जुनी छोटी एसएसडी: गेमसाठी कॅश लावून खरंच फरक पडतो का?

वाटसरू (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे ८ टीबीची, ७२०० आरपीएमची हार्ड डिस्क आहे. घरातल्या तिघांचे सगळे गेम तिच्यावरच आहेत. विंडोज वेगळ्या एनव्हीएमईवर (सगळ्यात वेगवान प्रकारच्या एसएसडीवर) आहे, पण ती ५०० जीबीची आणि जवळजवळ भरलेली. रॅम ३२ जीबी. जुना लॅपटॉप मोडीत निघाला तेव्हा त्यातली २५० जीबीची साटा एसएसडी (जुन्या, त्याहून हळू जोडणीची) काढून ठेवली होती, ती नुसती पडून आहे.

अडचण अशी आहे. मोठ्या नकाशाचा एक गेम खेळतोय. घोडा चालवला तर सगळं ठीक. दौडवला की पुढच्या गावातली घरं आधी मेणाच्या ठोकळ्यांसारखी दिसतात, दारं-खिडक्या दोन-तीन सेकंदांनी उमटतात आणि वेशीवर पोचलो की गेम हमखास झटका खातो. त्या वेळी दुसऱ्या स्क्रीनवर टास्क मॅनेजर बघितला तर हार्ड डिस्क १००% व्यस्त, आणि वाचनाचा वेग सेकंदाला जेमतेम ४-५ एमबी. हीच डिस्क मोठी फाइल कॉपी करताना २०० एमबीच्या आसपास जाते.

'गेम एसएसडीवर हलव' हा सल्ला मिळालाय. पण भाऊ एक गेम खेळतो, मुलगी दुसरा, मी तिसरा, आणि कोण कधी काय उघडेल याचा नेम नाही. दर वेळी शंभर-शंभर जीबी इकडून तिकडे हलवत बसणं जमणार नाही. पडून असलेली एसएसडी कॅश म्हणून, म्हणजे हार्ड डिस्कवरचा नेहमी लागणारा डेटा आपोआप जवळ ठेवणारा वेगवान साठा म्हणून, लावली तर काम होईल का? कोणी प्रत्यक्ष वापरलंय का?

पिंगळा

२५० जीबीमध्ये दोन गेम सहज बसतात. जो चालू आहे तो तिथे ठेवायचा, संपला की परत हार्ड डिस्कवर. स्टीममध्ये गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन फोल्डर हलवता येतो, पुन्हा डाउनलोड करावं लागत नाही. कॅशच्या भानगडीत पडू नका, असं माझं स्पष्ट मत.

वाटसरू

पिंगळा, एकट्याचा पीसी असता तर मीही हेच केलं असतं. तिघांचं गणित जमत नाही.

कळफलक

वाटसरू, तुम्ही दिलेले दोन आकडे (व्यस्तता १००%, वेग ४-५ एमबी) रोगाचं अचूक लक्षण सांगतात. जरा सविस्तर लिहितो, कारण हे डोक्यात बसलं की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात.

७२०० आरपीएम म्हणजे तबकडी सेकंदाला १२० वेळा फिरते. एका फेरीला ८.३३ मिलिसेकंद. हवा असलेला तुकडा डेटा वाचणाऱ्या हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे ४.१७ मिलिसेकंद थांबावं लागतं. त्याआधी हेड योग्य वर्तुळावर न्यायला साधारण ८-९ मिलिसेकंद. बेरीज १२-१३ मिलिसेकंद. म्हणजे डिस्कवर विखुरलेले तुकडे मागितले तर सेकंदाला ८०च्या आसपास मागण्या पुऱ्या होतात. प्रत्येक मागणी ४ केबीची असेल तर वेग निघाला सेकंदाला ३२० केबी! ६४ केबीचे तुकडे असतील तर ५ एमबी. तुमचा आकडा इथूनच आलाय. डिस्क आळशी नाही, ती सगळा वेळ हेड इकडून तिकडे नेण्यात घालवतेय.

६० फ्रेमवर गेम चालतो तेव्हा एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात. म्हणजे हेडची एक धाव जवळपास एक फ्रेम खाते. गेम त्यासाठी थांबून राहत नाही, टेक्सचर (वस्तूंवरची रंग-नक्षीची चित्रं) मागच्या बाजूला मागवत राहतो, पण घोडा दौडतोय आणि मागण्यांची रांग वाढतेय. म्हणून घर आधी मेणाचं दिसतं. साध्या साटा एसएसडीला असा एक तुकडा शोधायला साधारण ०.१ मिलिसेकंद लागतो. तिचा ५५० एमबीचा वेग इथे फारसा महत्त्वाचा नाही, हा शंभरपट कमी झालेला वेळ महत्त्वाचा.

त्यामुळे कॅश तुमच्या कामाची आहे, असं *वाटतंय*. पण एसएसडी जोडायच्या आधी एक चाचणी करा. पीसी रीस्टार्ट करा. गेम सुरू करून एक ठरावीक सेव्ह उघडा आणि मोबाइलच्या स्टॉपवॉचवर वेळ मोजा. गेम पूर्ण बंद करा. पीसी रीस्टार्ट न करता तोच गेम, तीच सेव्ह पुन्हा उघडा आणि पुन्हा मोजा. विंडोज नुकत्याच वाचलेल्या फायली मोकळ्या रॅममध्ये ठेवते (टास्क मॅनेजरमध्ये मेमरीखाली 'कॅश्ड' म्हणून जो आकडा दिसतो तो). दुसऱ्या वेळी डेटा बराचसा रॅममधून येतो, म्हणजे एसएसडीपेक्षाही वेगानं. दुसरी वेळ पहिलीपेक्षा खूप कमी आली तर अडथळा डिस्कचा आहे. दोन्ही वेळा सारख्याच आल्या तर डिस्कचा दोष नाही आणि जगातली कोणतीही कॅश तो गेम लवकर उघडू शकणार नाही.

धडपड्या

एक शंका. हार्ड डिस्कच्या खोक्यावरच '२५६ एमबी कॅश' लिहिलेलं असतं. मग वेगळी कशाला?

कळफलक

ती डिस्कच्या सर्किटवरची रॅम. येणारं लिखाण जरा गोळा करून सोयीच्या क्रमानं लिहायला आणि पुढचा भाग आधीच वाचून ठेवायला ती उपयोगी. १०० जीबीच्या गेमपुढे २५६ एमबी म्हणजे पाव टक्का. वीज गेली की तीही रिकामी. गेमसाठी डिस्क निवडताना त्या आकड्याकडे पाहू नका.

अनुस्वार

कळफलक यांच्या चाचणीला जोरदार अनुमोदन. दोन उदाहरणं देतो, दोन्ही गाजलेली आहेत.

जीटीए ऑनलाइन उघडायला कित्येक मिनिटं लागायची आणि सगळे डिस्कला दोष द्यायचे. २०२१च्या सुरुवातीला एका हौशी प्रोग्रामरनं खोदून काढलं की खरा वेळ जातोय तो दुकानातल्या वस्तूंच्या १० एमबीच्या यादीवर. त्या यादीत सुमारे ६३ हजार नोंदी, आणि त्या वाचायची पद्धत इतकी वाईट की प्रोसेसरचा एक कोअर मिनिटंच्या मिनिटं अडकून पडायचा. त्यानं दुरुस्ती करून दाखवली, लोडिंग जवळपास ७०% कमी झालं. कंपनीनं ती चूक मान्य करून अपडेट दिलं आणि त्याला १० हजार डॉलरचं बक्षीसही दिलं. तिथे एसएसडी घेतलेल्यांनाही ताटकळावंच लागत होतं.

दुसरं उदाहरण हेलडायव्हर्स २. पीसीवर हा गेम सुमारे १५४ जीबी जागा घ्यायचा. कारण हार्ड डिस्कवाल्यांसाठी त्याच त्याच फायलींच्या प्रती जागोजागी ठेवलेल्या होत्या, हेडची धावपळ वाचावी म्हणून. २०२५च्या शेवटी त्यांनी प्रती काढून टाकल्या आणि गेम २३ जीबीवर आला. मोजल्यावर लक्षात आलं की हार्ड डिस्कवरही लोडिंग काही सेकंदांनीच वाढतंय. बहुतेक वेळ जात होता रणभूमी तयार करण्याच्या आकडेमोडीत.

प्रती ठेवण्याची ही रीत जुनी. सोनीच्या पीएस५ कन्सोलचे मुख्य आर्किटेक्ट मार्क सर्नी यांनी मार्च २०२०च्या भाषणात टपालपेटीचं उदाहरण दिलं होतं. रस्त्याच्या कडेची एक साधी टपालपेटी, आणि तिचा डेटा हार्ड डिस्कवर ४०० वेळा. आता नव्या गेमचे निर्माते एसएसडी गृहीत धरतात आणि प्रती ठेवत नाहीत. त्यामुळे नवा गेम जुन्या डिस्कवर जास्तच अडखळतो. २०२३मधल्या स्टारफील्ड आणि बाल्डर्स गेट ३ या दोन्ही गेमनी किमान गरजेतच एसएसडी लिहिली होती.

वाटसरू

चाचणी केली. घोड्याचा गेम: पहिल्यांदा १ मिनिट ४८ सेकंद, दुसऱ्यांदा ३५ सेकंद. गावाच्या वेशीवरचा झटकाही दुसऱ्या वेळी नाही! भावाचा गेम: पहिल्यांदा ४१, दुसऱ्यांदा ३६. म्हणजे भावाच्या गेमला कॅशचा फारसा उपयोग नाही, असंच ना?

कळफलक

बरोबर ओळखलंत. आणि तुमच्या गेममध्ये कॅशमुळे जास्तीत जास्त किती फायदा होईल तेही कळलं. ३५ सेकंद ही तुमची तळरेषा. एसएसडीची कॅश त्याच्या जवळपास नेईल, खाली नाही.

धडपड्या

मग ३२ जीबी रॅमच पुरेशी नाही का? विंडोज आपोआप करतेच आहे म्हणता.

कळफलक

करते, पण तिला तीन मर्यादा आहेत. गेम स्वतः १२-१६ जीबी रॅम घेतो, उरलेल्यातच कॅश बसते. ब्राउझरनं, दुसऱ्या प्रोग्रामनं रॅम मागितली की विंडोज आधी हीच जागा काढून देते. आणि रीस्टार्ट केलं की पाटी कोरी. एसएसडीवरची कॅश रीस्टार्टनंतरही टिकते, हाच तिचा सगळ्यात मोठा गुण. रविवारी खेळलेला नकाशा पुढच्या शनिवारीही तिच्यात असतो.

रॅममधला काही भाग बाजूला काढून कॅशला देणारी सॉफ्टवेअरं आहेत. ३२ जीबीमध्ये मी ते करणार नाही. विंडोज तेच काम स्वतःहून आणि लवचीकपणे करते.

निळीशाई

आता माझं ऐका, म्हणजे मी केलं ते तुम्ही करणार नाही.

कॅशचे प्रकार नीट समजून घ्या. पहिला, फक्त वाचनाची कॅश: वाचलेल्या तुकड्याची एक प्रत एसएसडीवर राहते, लिखाण थेट हार्ड डिस्कवर जातं. दुसरा, राइट-थ्रू: लिखाण दोन्हीकडे एकदम होतं आणि हार्ड डिस्कवर पोचल्यावरच काम झालं असं धरलं जातं. तिसरा, राइट-बॅक: लिखाण आधी एसएसडीवर किंवा रॅममध्ये घेऊन 'झालं' म्हणून कळवलं जातं आणि सवडीनं हार्ड डिस्कवर उतरवलं जातं. तिसरा सगळ्यात वेगवान भासतो, आणि धोका तिथेच आहे.

मी रॅममध्ये राइट-बॅक लावलं होतं, लिखाण उतरवायची मुदत ५ मिनिटांची. महिनाभर सगळं सुरळीत. एके रात्री मोठं अपडेट चालू असताना वीज गेली. यूपीएस नव्हता. पीसी परत सुरू केला तर गेमचं फोल्डर दिसत होतं पण उघडत नव्हतं. डिस्क तपासणी चालवली, तिनं शेकडो फायलींचे तुकडे वेगळ्या फोल्डरमध्ये आकड्यांच्या नावानं काढून ठेवले. गेम पुन्हा डाउनलोड झाला असता, त्याचं काही नाही. पण त्याच डिस्कवर माझ्या वडिलांच्या आवाजातल्या ध्वनिफिती होत्या. मी त्या त्याच संध्याकाळी एका फोल्डरमधून दुसऱ्यात हलवल्या होत्या आणि फोल्डरांच्या नोंदी अर्धवट लिहिल्या गेल्या होत्या. अकरापैकी सात परत मिळाल्या.

गेम हे ९९% वाचन आहे. लिखाण म्हणजे सेव्ह आणि अपडेट. त्या एका टक्क्यासाठी राइट-बॅक लावू नका. वाचनाची कॅश लावली आणि एसएसडी अचानक मेली तरी हार्ड डिस्कवर सगळं जसंच्या तसं असतं.

वाटसरू

निळीशाई ताई, वाचून वाईट वाटलं. लिहिलंत म्हणून आभार. फक्त वाचनाचीच लावणार, नक्की.

अनुस्वार

ताईंच्या मुद्द्याला जोडून: कॅश आणि टिअरिंग यातला फरक लक्षात ठेवा. कॅशमध्ये एसएसडीवर *प्रत* असते. टिअरिंगमध्ये डेटा खरोखर *हलतो*, जास्त वापरातला एसएसडीवर, बाकीचा हार्ड डिस्कवर, आणि दोन्ही मिळून एकच ड्राइव्ह दिसतो. ॲपलची २०१२ची फ्यूजन ड्राइव्ह अशी होती. एएमडीची स्टोअरएमआय २०१८मध्ये आली तेव्हा अशीच होती, २०२०च्या नव्या आवृत्तीत त्यांनी पद्धत बदलून वाचनाची कॅश केली. टिअरिंगमध्ये दोनपैकी एक डिस्क गेली की सगळंच जातं. जुनी, वापरलेली एसएसडी त्यात घालणं मला पटत नाही.

धडपड्या

माझ्याकडे १६ जीबीचं इंटेल ऑप्टेनचं कार्ड आहे, एका जुन्या मदरबोर्डासोबत आलेलं. ते चालेल का?

अनुस्वार

२०१७मध्ये ते नेमकं याच कामासाठी आलं होतं, १६ आणि ३२ जीबीमध्ये. त्याआधी २०११मध्ये इंटेलनं झेड६८ चिपसेटसोबत स्मार्ट रिस्पॉन्स आणलं, तिथे कॅशला ६४ जीबीची मर्यादा होती. सीगेटनं तर २०१०मध्ये हार्ड डिस्कच्या पोटातच ४ जीबी फ्लॅश घातली होती. तेव्हाचे गेम ८-१० जीबीचे असायचे, म्हणून ते चालून गेलं. ऑप्टेनचा धंदा इंटेलनं २०२२मध्ये गुंडाळायला घेतला. कार्ड एम.२ खाचेत बसवलंत तर साधी छोटी एनव्हीएमई म्हणून दिसेल आणि इतर सॉफ्टवेअरला कॅश म्हणून देता येईल. छोटे तुकडे ते फार झपाट्यानं देतं. पण १६ जीबीमध्ये आजचा गेम मावत नाही, एका गावातून दुसऱ्या गावात गेलात की पहिलं पुसलं जाईल.

पेंग्विनप्रेमी

लिनक्सवर खेळणाऱ्यांसाठी दोन शब्द, कारण इथे ही सोय कर्नलमध्येच (सिस्टीमच्या गाभ्यातच) आहे. डीएम-कॅश ३.९ आणि बीकॅश ३.१० या कर्नलमध्ये, म्हणजे दोन्ही २०१३पासून.

बीकॅशला हार्ड डिस्क नव्यानं फॉरमॅट करावी लागते, म्हणून आधीच भरलेल्या डिस्कवर अवघड. मूळ सेटिंग राइट-थ्रू, ती तशीच ठेवा. एक गोष्ट मात्र बदला: सलग ४ एमबीपेक्षा जास्त वाचन आलं तर बीकॅश ते कॅशमध्ये घेतच नाही, थेट हार्ड डिस्कवरून देते. सर्व्हरसाठी हे शहाणपणाचं, पण गेमच्या फायली मोठ्या असतात आणि लोडिंगमध्ये सलग वाचनही बरंच असतं. सिक्वेन्शियल कटऑफ शून्य केला की ती अट निघून जाते. हे ठाऊक नसल्यामुळे मी दोन आठवडे 'कॅश भरतच नाही' म्हणून डोकं धरून बसलो होतो.

डिस्कवर आधीपासून एलव्हीएम (लिनक्सची डिस्कची जागा वाटून देणारी व्यवस्था) असेल तर एलव्हीएम-कॅश डेटा न पुसता मागाहून जोडता येते आणि काढताही येते. ती मात्र सावध आहे, तोच तुकडा पुन्हा पुन्हा मागितला गेल्याशिवाय त्याला आत घेत नाही. धीर धरावा लागतो.

वाटसरू

विंडोजवर काय वापरावं?

कळफलक

साटा एसएसडी आणि डेटाची हार्ड डिस्क अशा जोडीसाठी मी प्रिमोकॅश वापरतो. ते विकत घ्यावं लागतं, पण आधी काही दिवस मोफत वापरून पाहता येतं. मदरबोर्ड कोणत्या कंपनीचा याच्याशी त्याला देणंघेणं नाही. त्यात रॅमच्या कॅशला एल१ आणि एसएसडीच्या कॅशला एल२ म्हणतात. तुमच्यासाठी: एल१ नको. एल२ फक्त वाचनासाठी. लांबवून लिहिण्याचा पर्याय (राइट-बॅक) बंद.

ब्लॉकचा (कॅशमधल्या एका तुकड्याचा) आकार विचार करून ठरवा. प्रत्येक ब्लॉकची नोंद रॅममध्ये ठेवावी लागते. २०० जीबी कॅश आणि ४ केबीचे ब्लॉक घेतले तर सव्वापाच कोटी नोंदी होतात. एका नोंदीला १६ बाइट जरी धरले तरी ८०० एमबी रॅम नुसत्या यादीला गेली. ६४ केबीचे घेतले तर नोंदी ३३ लाख, रॅम ५० एमबी. मोठ्या ब्लॉकात थोडी जागा वाया जाते, पण गेमच्या फायली मोठ्या असल्यानं ते चालतं. मी ६४ ठेवलंय.

तुमची २५० जीबीची एसएसडी विंडोजला २३२ दिसेल. त्यातले २०० द्या, उरलेली जागा रिकामी सोडा. पूर्ण भरलेली एसएसडी लिहिताना दमते आणि कॅशमध्ये लिखाण सतत चालू असतं.

धडपड्या

सतत लिखाण म्हणजे एसएसडी लवकर मरेल ना?

कळफलक

आकडा घ्या. २५० जीबीच्या बऱ्याच टीएलसी (एका पेशीत तीन बिट साठवणाऱ्या) एसएसडींवर कंपनी १५० टीबी लिखाणाची हमी देते. रोज ५० जीबी नवा डेटा कॅशमध्ये गेला तरी ३,००० दिवस, म्हणजे आठ वर्षं. वाटसरूंची वापरलेली आहे, तेव्हा क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्ये आतापर्यंत किती लिहिलं गेलंय ते बघून घ्यावं. क्यूएलसी (एका पेशीत चार बिट साठवणाऱ्या) प्रकारची असेल तर हमी याहून बरीच कमी असते, ती कॅशला लावू नये.

पिंगळा

माझा विरोध अजून पूर्ण मावळलेला नाही. कॅश *पहिल्या* वेळी काहीही देत नाही. नवा गेम टाकला, पहिल्यांदा नकाशात शिरलात, की तोच जुना वेग. गोष्टीचा गेम एकदा खेळून संपवणारा माणूस प्रत्येक जागी पहिल्यांदाच जात असतो. त्याला कॅशचा उपयोग शून्य.

कळफलक

पिंगळा, हा मुद्दा सोळा आणे खरा आहे, धाग्यात आधीच यायला हवा होता. कॅशचा फायदा परत परत त्याच जागी जाणाऱ्याला. नकाशात तीच गावं ओलांडणारा, मरून पुन्हा तोच टप्पा खेळणारा, रोज तेच मैदान उघडणारा. एकदाच खेळायचा मोठा गेम सरळ एसएसडीवर टाकावा.

वाटसरू

तीन आठवडे झाले, सविस्तर सांगतो.

एसएसडी तपासली, फक्त १९ टीबी लिखाण झालेलं. कळफलक यांच्या आकड्यांप्रमाणे कॅश लावली. पहिला दिवस अगदी पूर्वीसारखाच गेला, पिंगळा म्हणाले तसं. चौथ्या दिवशी त्याच सेव्हला ४४ सेकंद. घोडा दौडवत तीच वेस ओलांडली आणि घरं दारं-खिडक्यांसकट उभी होती! मुलगी मागे बसली होती, ती म्हणाली, "बाबा, गावाला रंग आधीच दिलाय आज."

मग दुसऱ्या आठवड्यात अचानक सगळं परत मंद. वेळ पुन्हा दीड मिनिटाच्या वर. दोन दिवस शोधत होतो. शेवटी कॅशच्या आलेखावरून कळलं: रविवारी पहाटे ३ वाजता बॅकअपचा प्रोग्राम चालतो. तो हार्ड डिस्कवरचे माझे जुने व्हिडिओ वाचत सुटतो, ते झाले तीनेकशे जीबी. कॅशनं ते सगळे 'नुकतेच वाचलेले' म्हणून आत घेतले आणि गेम बाहेर काढले.

कळफलक

हे फार जणांना होतं. सगळ्यात जुना वापर झालेला तुकडा आधी काढायचा, ही साधी पद्धत एका मोठ्या सलग वाचनानं वाहून जाते. आयबीएमच्या मेगिडो आणि मोधा या संशोधकांनी २००३मध्ये एआरसी नावाची पद्धत मांडली, तिच्यात एकदाच वाचलेले आणि पुन्हा पुन्हा वाचलेले तुकडे वेगवेगळ्या यादीत राहतात, म्हणून अशा पुरात नेहमीचा डेटा टिकतो. झेडएफएस ही फाइल-सिस्टीम तिचाच सुधारलेला प्रकार वापरते.

तुमच्यासाठी सोपा उपाय: डिस्कची दोन पार्टिशनं. पहिल्यावर गेम, दुसऱ्यावर व्हिडिओ आणि बाकीचं. कॅश फक्त पहिल्याला लावायची. पहिलं पार्टिशन तबकडीच्या बाहेरच्या कडेला येतं, तिथे सलग वाचन आतल्या कडेपेक्षा दुपटीच्या आसपास वेगानं होतं. तो फायदा वेगळा. अँटिव्हायरसची पूर्ण डिस्कची तपासणीही असाच गोंधळ करते, गेमचं फोल्डर तिच्यातून वगळा.

वाटसरू

व्हिडिओ बाहेरच्या डिस्कवर उतरवून पार्टिशनं केली, परत ठेवली. आता दोन रविवार गेले, कॅश शाबूत आहे. भावाचा गेम एनव्हीएमईवर जागा करून तिकडेच टाकला, नाहीतरी त्याला ५ सेकंदांचाच फरक होता, पण तो रोज खेळतो आणि गेम छोटा आहे. अपडेट मात्र अजूनही रडतखडत होतात. वीस जीबीच्या अपडेटला डाउनलोडपेक्षा डिस्कवरचं काम जास्त वेळ घेतं.

अनुस्वार

ते तसंच राहणार. अपडेटमध्ये मोठ्या फायलीतला थोडा भाग बदलायचा असला तरी बहुधा ती फाइल वाचून नव्यानं लिहिली जाते, एकाच डिस्कवर वाचन आणि लिखाण दोन्ही. वाचनाची कॅश तिथे कामाची नाही. आणि डिस्क एसएमआर प्रकारची असेल, म्हणजे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले, तर आणखी हळू, कारण एक पट्टा बदलायला शेजारचेही परत लिहावे लागतात. गेमसाठी मोठी डिस्क घेताना सीएमआर (पट्टे एकमेकांवर न चढवलेली) आहे का, ते मॉडेल क्रमांकावरून बघून घ्यावं. अपडेटनंतर बदललेला भाग कॅशमध्येही नव्यानं भरावा लागतो, तेव्हा पहिली खेप हळू वाटेल.

पेंग्विनप्रेमी

एक इशारा. त्याच पीसीवर लिनक्सही असेल तर तिकडून त्या गेमच्या पार्टिशनवर काही लिहू नका. विंडोजमधल्या कॅशला त्याचा पत्ता लागत नाही, ती जुनीच प्रत देत राहते आणि फाइल बिघडते. दोन्हीकडून लिहायचंच असेल तर रीस्टार्टला कॅश पुसली जाईल अशी सेटिंग ठेवा.

कळफलक

आणि डायरेक्टस्टोरेजबद्दल, म्हणजे गेमचा डेटा ड्राइव्हवरून झपाट्यानं आणण्याच्या मायक्रोसॉफ्टच्या पद्धतीबद्दल. ती पद्धत २०२२पासून पीसीवर आहे आणि तिचा खरा फायदा एनव्हीएमईवरच. विंडोज ११मध्ये तिच्यासोबत बायपासआयओ नावाची आडवाट आहे, फाइल मागणारा आणि ड्राइव्ह यांच्या मधले थर टाळणारी. कॅशचा ड्रायव्हर नेमका त्याच थरांत बसतो, आणि त्याला बायपासआयओ ठाऊक नसेल तर ती वाट बंद पडते. म्हणून एनव्हीएमईच्या ड्राइव्हला कॅश लावू नका, फक्त हार्ड डिस्कला लावा.

निळीशाई

वाटसरू, बॅकअप चालू आहे हे वाचून बरं वाटलं. तो कधीतरी परत उघडूनही बघा. माझाही होता, तीन महिन्यांपूर्वीचा.

वाटसरू

आजच बघतो, ताई. शेवटची एक शंका: पुढे ही एसएसडी काढायची झाली तर थेट केबल ओढली तर चालेल?

कळफलक

फक्त वाचनाची असल्यानं डेटा जाणार नाही. तरी क्रम पाळा. आधी सॉफ्टवेअरमध्ये ती कॅश डिलीट करा, मग पीसी पूर्ण बंद करा, मग एसएसडी काढा. राइट-बॅक असतं तर कॅशमधलं उरलेलं लिखाण आधी हार्ड डिस्कवर उतरल्याची खात्री करावी लागली असती. पुन्हा जोडाल तेव्हा कॅश कोऱ्या पाटीवर सुरू होईल, चार दिवस द्या तिला.